विद्या घरची, ओळख जगाची

लखनऊ शहराच्या आग्नेयेस छावनीचा विस्तीर्ण परिसर आहे. १८५७ पूर्वी इंग्रजांची छावनी गोमती नदीच्या उत्तरेस मडियांव येथे होती. त्या वर्षीच्या उठावानंतर ती दिलकुशाच्या बाजूला, आजच्या जागी वसवण्यात आली. भारतीय सेनेच्या सेंट्रल कमांडचे मुख्यालय, आर्मी मेडिकल कोअरचे प्रशिक्षण केंद्र आणि अकराव्या गोरखा रायफल्सचे केंद्र या छावनीत आहे. त्यामुळे देशाच्या सर्व प्रांतांतील माणसे तेथे एकत्र नांदतात. अवधी आणि हिंदीच्या त्या मुलखात सातारा, सांगली, कोल्हापूर या जिल्ह्यांतून आलेल्या जवानांच्या घरांत मराठीही बोलली जाते.

छावनीतील कुटुंबांचे जीवन बदलीच्या आदेशाभोवती फिरत असते. एका ठिकाणी दोन-तीन वर्षे होतात न होतात तोच पुन्हा सामानाची बांधाबांध सुरू होते. कधी नेमणूक सीमेवर होते. तेथे कुटुंब नेता येत नाही, म्हणून पत्नी आणि मुले गावी परततात. या ओढाताणीत मुलांच्या शिक्षणाचे नुकसान होते, ही गोष्ट शासनाच्या फार पूर्वीच लक्षात आली होती. १९६३-६४ साली लष्करी ठाण्यांतील २० रेजिमेंटल शाळा केंद्र सरकारने आपल्याकडे घेतल्या आणि त्यांतूनच पुढे केंद्रीय विद्यालयांची साखळी उभी राहिली. सर्वत्र एकच अभ्यासक्रम असल्याने बदलीनंतरही मुलाला पुढच्या वर्गात बसता येऊ लागले.

तथापि, प्रत्येकाचे शिक्षण या चौकटीत बसतेच असे नाही. सातवीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेला मुलगा हिंदी वा इंग्रजी माध्यमाच्या वर्गात आला की अबोल होतो आणि हळूहळू मागे पडतो. कोणाचे वर्ष आजारपणात बुडते. नववीत असताना लग्न होऊन आलेली तरुणी स्वतःच्या मुलांची पुस्तके वाचता वाचता पुन्हा शिकू लागते. घरखर्चाचा हिशेब, बँकेचे व्यवहार, हिंदी वर्तमानपत्र, मुलांची गणिते ही सारी तिची शाळा होते. ही माणसे अशिक्षित नसतात. त्यांचे शिक्षण घरात झालेले असते, एवढेच.

परिस्थितीमुळे घरी शिकणाऱ्यांप्रमाणेच आवडीने घरी शिकणारेही आहेत. मुंबई-पुण्यासारख्या शहरांत काही पालक विचारपूर्वक मुलांना शाळेबाहेर ठेवतात. घोकंपट्टी, स्पर्धा आणि गुणांची शर्यत यांपासून मुलाला दूर ठेवावे, त्याच्या कुतूहलाला मोकळे रान मिळावे, हा त्यांचा हेतू असतो. एकाला शाळा मिळाली नाही, दुसऱ्याने ती नाकारली. मात्र चौदा-पंधराव्या वर्षाच्या सुमारास किंवा त्यानंतर कधीतरी दोघांपुढे एकच प्रश्न उभा राहतो. शिक्षण तर घरी झाले. मग दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राची गरज काय? या प्रश्नाचे उत्तर असे की, ज्याचे शिक्षण घरी झाले आहे, त्याला या प्रमाणपत्राची गरज शाळेत गेलेल्यापेक्षा काकणभर अधिकच आहे.

या उत्तरामुळे घरच्या विद्येला कमीपणा येत नाही. महाराष्ट्राच्या इतिहासात तिची थोर उदाहरणे आहेत. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून आपल्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि लक्ष्मीबाईंनी ती विद्या आपल्या लेकीला दिली. रमाबाई कोणत्याही शाळेत गेल्या नाहीत. जंगलातील आश्रम, तीर्थक्षेत्रांचे रस्ते आणि देवळांचे ओटे हेच त्यांचे वर्ग होते. दुष्काळात आईवडील गेले, तरी पायी देशाटन करणाऱ्या या मुलीजवळची विद्या अभंग राहिली.

१८७८ साली रमाबाई कोलकात्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांची परीक्षा घेतली आणि त्यांना ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. त्या परीक्षेच्या आदल्या दिवशी रमाबाईंना जेवढे संस्कृत येत होते, तेवढेच दुसऱ्या दिवशीही येत होते. पदवीमुळे त्यांच्या ज्ञानात एका शब्दाचीही भर पडली नव्हती. तरीही त्या दिवसानंतर लोकांच्या दृष्टीने त्यांचे स्थान बदलले. त्यांचा शब्द गंभीरपणे ऐकला जाऊ लागला. पुढे १८८२ साली शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली, तेव्हा स्त्रियांच्या शिक्षणाविषयी बोलणारी ती व्यक्ती एक मान्यताप्राप्त विदुषी होती. घरातील विद्या आणि बाहेरील जग यांच्यामध्ये एक उंबरठा असतो. रमाबाईंना तो ओलांडता आला, कारण त्यांच्या विद्येची पारख जाहीरपणे झाली होती.

या घटनेतील आणखी एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रमाबाईंची परीक्षा घ्यावी असे कोलकात्याच्या पंडितांना वाटले, कारण त्यांची कीर्ती आधीच तेथवर पोहोचली होती. असामान्य माणसाची पारख करायला जग स्वतःहून पुढे येते. सामान्य माणसाकडे कोण येणार? छावनीतल्या क्वार्टरमध्ये रात्री मुले झोपल्यावर बीजगणित सोडवणाऱ्या गृहिणीची विद्वत्सभेपुढे परीक्षा कोण घेणार? तिच्यासाठी सभा भरत नाही. पण परीक्षा मात्र भरते. अर्ज करणाऱ्या प्रत्येकाला, त्याचे नाव-गाव न पाहता, त्या परीक्षेला बसता येते. रमाबाईंना जे कीर्तीमुळे लाभले, ते दहावी-बारावीच्या परीक्षेमुळे कोणाही अनामिकाला हक्काने मिळू शकते.

प्रमाणपत्राचा खरा अर्थ येथे उलगडतो. प्रमाणपत्र म्हणजे अनोळखी माणसाची ओळख. ज्याचे आईवडील नामवंत आहेत, ज्याचे नातेवाईक मोठ्या पदांवर आहेत, ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कोणीतरी आहे, त्याचे कागदावाचूनही निभावते. त्याची विद्या सांगणारी माणसे असतात. ज्याला असा वशिला नाही, त्याच्यासाठी प्रमाणपत्र हाच एकमेव सरळमार्गी वशिला असतो. म्हणूनच ‘प्रमाणपत्रात काय आहे?’ हा प्रश्न सुस्थितीतील माणसाला शोभून दिसतो. गरिबाने तो विचारला, तर त्याची किंमत त्यालाच मोजावी लागते.

यावर असा आक्षेप घेतला जातो की, परीक्षेने विद्येची खरी खोली मोजता येत नाही. हा आक्षेप खोटा नाही. परंतु याच प्रश्नाचे एक उत्तर लखनऊ शहराने संगीताच्या क्षेत्रात पूर्वीच पाहिले आहे, आणि ते देणारा माणूस मराठी होता. विष्णु नारायण भातखंडे यांचा जन्म १८६० साली मुंबईत वाळकेश्वर येथे झाला. ते व्यवसायाने वकील होते. पण त्यांचे आयुष्य संगीताच्या अभ्यासात गेले. त्या काळी गाणे उस्तादाच्या घरी शिकावे लागे. गुरूची मर्जी असेल तर चीज मिळे, नसेल तर वर्षे सरली तरी मिळत नसे. शिष्याची ओळख म्हणजे गुरूचे नाव आणि घराणे. ज्याला मोठा गुरू लाभला नाही, त्याच्या गळ्यात सूर असूनही त्याला बैठकीत जागा मिळणे कठीण होते.

भातखंडे यांनी देशभर फिरून बंदिशी गोळा केल्या, त्या स्वरलिपीत लिहिल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या रूपाने सर्वांसाठी खुल्या केल्या. १९२६ साली लखनऊ येथे मॅरिस कॉलेज ऑफ हिंदुस्तानी म्युझिक स्थापन झाले. श्रीकृष्ण रातंजनकर यांनी १९२८ पासून दीर्घकाळ त्याचे प्राचार्यपद सांभाळले. ती संस्था आज भातखंडे यांच्याच नावाने विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. अभ्यासक्रम, वर्षे, परीक्षा आणि पदवी या गोष्टी गाण्याच्या क्षेत्रात आल्या, तेव्हा अनेकांनी नाके मुरडली. ‘परीक्षा देऊन कोणी गवई होतो काय?’ असे विचारले गेले. परीक्षेने महान गवई घडत नाहीत, हे खरेच आहे. परंतु त्या परीक्षांमुळे सामान्य घरांतील मुला-मुलींना संगीत शिकता आले आणि शिकलेले सिद्ध करता आले. कोणत्याही घराण्याचा आधार नसलेल्या माणसाला शाळेत संगीतशिक्षकाची जागा मागता आली. परीक्षेने कलेची उंची मोजली नाही. पण कलेचे दार मात्र अधिक माणसांसाठी उघडले. दहावी-बारावीच्या प्रमाणपत्राकडूनही याहून वेगळी अपेक्षा करण्याचे कारण नाही.

हे दार उघडणे म्हणजे प्रत्यक्षात काय, हे पाहिले पाहिजे. ग्रामीण डाक सेवकाच्या पदासाठी दहावी उत्तीर्ण असावे लागते आणि निवडही दहावीच्याच गुणांवरून होते. राज्य परिवहन महामंडळाच्या वाहकाला दहावी लागते. अंगणवाडी सेविकेसाठी आता बारावीची अट आहे. दहावी उत्तीर्ण नसलेल्या माणसाच्या पारपत्रावर सामान्यतः तशी नोंद होते आणि आखाती देशांसह काही ठरावीक देशांत कामासाठी जाताना त्याला शासनाची वेगळी परवानगी घ्यावी लागते. जन्मतारखेचा पुरावा म्हणूनही दहावीचे प्रमाणपत्र सर्वत्र चालते. बालकांविषयीच्या २०१५ च्या कायद्यात वय ठरवताना ज्या पुराव्यांना पहिले स्थान दिले आहे, त्यांत शाळेच्या दाखल्याबरोबर या प्रमाणपत्राचाही समावेश आहे. शाळेत न गेलेल्या मुलाजवळ शाळेचा दाखला नसतो. त्याच्या बाबतीत या कागदाचे मोल त्यामुळेच दुप्पट होते.

छावनीच्या जीवनात तर ही गोष्ट पदोपदी जाणवते. सेनेत अग्निवीर म्हणून सर्वसाधारण शिपाई व्हायचे असेल, तर दहावीत एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण असावे लागतात. मैदानावर सर्वांच्या पुढे धावणारा मुलगाही कागदावाचून त्या रांगेत उभा राहू शकत नाही. अग्निवीराची सेवा चार वर्षांची असते आणि त्यानंतर प्रत्येक तुकडीतील जास्तीत जास्त पंचवीस टक्के तरुणांनाच सेनेत कायम केले जाते. उरलेल्यांना ऐन पंचविशीच्या आत नागरी जीवनात नवी सुरुवात करावी लागते. दहावीनंतर भरती झालेल्या तरुणांना बारावीचे प्रमाणपत्र मिळवता यावे यासाठी राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत विशेष व्यवस्था करण्याचे २०२२ साली जाहीर झाले, ते याच कारणाने. चार वर्षांची शिस्त आणि कष्ट हे मोठे शिक्षण आहे. पण नोकरी देणाऱ्या कार्यालयाला ते वाचता येईल अशा भाषेत मांडावे लागते.

माजी सैनिकांना केंद्र सरकारच्या सेवेत घेण्याविषयीच्या नियमांतही हाच धडा आहे. किमान १५ वर्षे सेवा केलेल्या आणि मॅट्रिक अथवा सेनेचे विशेष शैक्षणिक प्रमाणपत्र असलेल्या माजी सैनिकाला पदवीची अट असलेल्या ‘क’ गटातील काही पदांसाठी पात्र मानता येते. म्हणजे दीर्घ सेवेचा अनुभव पदवीच्या बरोबरीने मोजायला शासन तयार आहे. मात्र त्या मोजणीच्या तळाशी मॅट्रिकचा दगड असावा लागतो. तो नसेल, तर पंधरा वर्षांच्या अनुभवालाही उभे राहायला जागा उरत नाही.

जवानाच्या घरी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. पण ती सर्वांना ठाऊक असते. घरचा कर्ता माणूस परत आला नाही, तर त्याच्या पत्नीला संसार एकटीने सावरावा लागतो. शासन आणि सेना तिच्या पाठीशी उभी राहते, निवृत्तिवेतन मिळते, नोकरीचाही विचार होतो. परंतु नोकरी कोणत्या पदावर मिळेल, हे बहुतांशी तिच्याजवळच्या शिक्षणाच्या पुराव्यावर ठरते. तिने घरी कितीही वाचन केलेले असो, त्या दुःखाच्या घडीला तिला प्रमाणपत्र विचारले जाते आणि त्या घडीला अभ्यासाला बसण्याचे बळ कोणाच्या अंगी नसते. म्हणून प्रमाणपत्र मिळवण्याची वेळ संकटाच्या आधीची असते. ही गोष्ट केवळ सैनिकांच्या घरांची नाही. गिरणी बंद पडलेल्या कामगाराच्या, शेती बुडालेल्या शेतकऱ्याच्या आणि अचानक एकट्या पडलेल्या प्रत्येक स्त्रीच्या बाबतीत ती तितकीच खरी आहे.

घरच्या शिक्षणाचे समर्थक येथे मुंबईच्या मालविका राज जोशी हिचे उदाहरण देतात. तिच्या आईने तिला सातवीच्या सुमारास शाळेतून काढले आणि घरी शिकू दिले. संगणकाच्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाड स्पर्धेत तिने तीन पदके मिळवली आणि २०१६ साली अमेरिकेतील प्रख्यात मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीने दहावी-बारावीचे प्रमाणपत्र नसतानाही तिला प्रवेश दिला. हे यश निःसंशय अभिमानास्पद आहे. परंतु त्यातून निघणारा निष्कर्ष नीट तपासला पाहिजे. बारावी उत्तीर्ण नसल्यामुळे याच मुलीला भारतातील आयआयटीचे दार बंद होते. शिवाय तिच्याजवळ पुरावा नव्हता, असे म्हणता येत नाही. अनेक देशांतील मुलांशी स्पर्धा करून मिळवलेली तीन पदके हे दहावी-बारावीपेक्षा कितीतरी दुर्मिळ प्रमाणपत्र होते. अनोळखी परीक्षकांनी घेतलेल्या कसोटीला ती उतरली होती. ज्याला आंतरराष्ट्रीय पदक मिळवता येते, त्याने खुशाल तो मार्ग धरावा. ज्याला ते शक्य नाही, त्याच्यासाठी माध्यमिक परीक्षेचा साधा रस्ता आहे. अपवादाने दाखवलेली वाट सर्वांसाठी राजमार्ग होत नाही.

प्रमाणपत्राचा लाभ केवळ नोकरीपुरता असतो, असेही नाही. घरी शिकणारा माणूस आवडीचे आधी शिकतो आणि नावडते मागे ठेवतो. हे स्वाभाविक आहे आणि त्यातच घरच्या शिक्षणाचा आनंदही आहे. परंतु त्यामुळे ज्ञानाच्या कोठारात काही कोपरे अंधारे राहतात. इतिहासात रमणाऱ्याला अपूर्णांक येत नाहीत. हिशेबात तरबेज असलेल्या माणसाला अर्ज लिहिताना वाक्य जुळवता येत नाही. ठरावीक अभ्यासक्रम हे कोपरे दाखवून देतो. काय येते, याबरोबरच काय येत नाही, हे कळणे हाही शिक्षणाचाच भाग आहे.

याहून सूक्ष्म असा दुसरा लाभ आहे. आई, वडील, पती किंवा भाऊ जेव्हा ‘तुला येते’ असे म्हणतात, तेव्हा त्या शब्दांत माया मिसळलेली असते. मायेच्या माणसांचे शब्द धीर देतात. पण मनातील शंका ते पुरती दूर करू शकत नाहीत. जो ओळखत नाही, ज्याने चेहरा पाहिलेला नाही, अशा परीक्षकाने केवळ उत्तरपत्रिका पाहून ‘उत्तीर्ण’ असा शेरा दिला की ती शंका मिटते. शाळा सुटल्याची सल मनात बाळगणाऱ्या प्रौढ माणसाच्या दृष्टीने हा निकाल फार मोलाचा असतो. सही करताना थरथरणारा हात स्थिर होतो. मुलांच्या शाळेत पालकसभेला जाताना मागच्या बाकाचा शोध घ्यावासा वाटत नाही. आणि ज्या घरात आईने पस्तिशीत दहावी केली, त्या घरात मुलाने शाळा अर्धवट सोडण्याचा विचारही अवघड होतो.

मुक्त शिक्षणातून मिळालेल्या प्रमाणपत्राला दुय्यम मानले जाते, अशी तक्रार पुष्कळदा ऐकू येते. ती काही अंशी खरी आहे. समाजाचे मन सावकाश बदलते. परंतु या बाबतीत २०१८ सालची एक घटना बोलकी आहे. वैद्यकीय प्रवेशासाठीच्या ‘नीट’ परीक्षेला मुक्त विद्यालयातून बारावी झालेल्यांना बसू न देण्याची तरतूद नियमांत होती. विद्यार्थी न्यायालयात गेले आणि दिल्ली उच्च न्यायालयाने ती तरतूद रद्द ठरवली. यातील मर्म असे की, त्या विद्यार्थ्यांजवळ शासनमान्य मंडळाचे प्रमाणपत्र होते, म्हणूनच त्यांना समान वागणूक मागता आली. ज्याच्या हाती कागद आहे, त्याला त्या कागदाच्या मानासाठी लढता येते. ज्याच्या हाती काहीच नाही, त्याला दाद मागायलाही आधार मिळत नाही.

हा कागद मिळवण्याचा मार्ग आज पूर्वीइतका खडतर राहिलेला नाही. १९७९ साली केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मुक्त शाळेचा प्रयोग सुरू केला. १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय ही स्वायत्त संस्था स्थापन झाली आणि १९९० साली तिला परीक्षा घेण्याचा व प्रमाणपत्र देण्याचा अधिकार मिळाला. २००२ पासून ती राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था या नावाने ओळखली जाते. माध्यमिक परीक्षेसाठी वयाची १४ वर्षे पूर्ण असावी लागतात. कमाल वयाची अट नाही. पाच विषय निवडायचे असतात, माध्यमिक स्तरावर मराठी माध्यमाचीही सोय आहे आणि नोंदणी पाच वर्षे चालते. या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. एका वेळी एक किंवा दोन विषय देता येतात आणि उत्तीर्ण झालेल्या विषयाचे श्रेय जमा राहते. बदलीच्या आदेशाने ज्याचे घर दर दोन-तीन वर्षांनी हलते, त्याला याहून सोयीची व्यवस्था कोणती असणार? महाराष्ट्रात राहणाऱ्यांना राज्य मंडळाकडे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसता येते; गावोगावी ‘सतरा नंबरचा फॉर्म’ या नावाने तो मार्ग परिचित आहे.

या मार्गाने जाताना काही पथ्ये मात्र पाळली पाहिजेत. पहिले पथ्य असे की, घाईपोटी बनावट मंडळांच्या जाळ्यात सापडू नये. परीक्षा न देता प्रमाणपत्र देण्याचे आमिष दाखवणारे दलाल अनेक शहरांत आढळतात. अशा कागदामुळे पैसा तर जातोच, पण पुढे फसवणुकीचा आरोपही वाट्याला येऊ शकतो. मंडळ शासनमान्य असल्याची खात्री करूनच अर्ज भरावा. दुसरे पथ्य असे की, परीक्षेसाठी घरच्या शिक्षणाचा प्राण घालवू नये. प्रश्नोत्तरे घोकून गुण मिळवले आणि कुतूहल गमावले, तर घरी शिकण्याचे प्रयोजनच संपले. वर्षभर मनासारखे वाचावे आणि परीक्षेपूर्वीच्या काही महिन्यांत अभ्यासक्रमाशी त्याची सांगड घालावी, हे शक्य आहे. तिसरे पथ्य पालकांसाठी आहे. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना शाळेचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. ज्या मुलाला शाळेत जायचे आहे आणि जाता येते, त्याला कामाला जुंपून ‘पुढे बाहेरून परीक्षा देईल’ असे म्हणणे हा त्या मुलावर अन्याय आहे. घरचे शिक्षण मुलाच्या हितासाठी असावे, मोठ्यांच्या सोयीसाठी नव्हे.

प्रमाणपत्र नसलेला माणूस कमी प्रतीचा, असा अर्थ या विवेचनातून कोणी काढू नये. जगात अनेक थोर माणसे परीक्षेवाचून मोठी झाली आणि परीक्षा उत्तीर्ण झालेली अनेक माणसे शिकायची राहून गेली. माणसाची योग्यता कागदाने ठरत नाही. परंतु योग्यता असूनही माणूस दारातच थांबवला जातो, हे रोज घडते. बँकेच्या खिडकीपाशी, भरतीच्या मैदानावर, पारपत्र कार्यालयात आणि नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या माणसाला त्याच्या घरातील रात्रीचा दिवा दिसत नसतो. त्याला फक्त हातातील कागद दिसतो. हे अन्यायाचे वाटले, तरी त्यावर रुसून बसल्याने नुकसान कोणाचे होते, हे उघड आहे.

रमाबाईंच्या काळी घरी शिकलेल्या मुलीला आपली विद्या सिद्ध करण्यासाठी पायी देश पालथा घालावा लागला. आजच्या शिकणाऱ्याला जवळच्या अभ्यासकेंद्रापर्यंत जावे लागते, एक अर्ज भरावा लागतो आणि काही महिने नेटाने अभ्यास करावा लागतो. घराने जे दिले, ते कोणीही हिरावून घेऊ शकत नाही. त्या विद्येला जगात चालणारे नाणे करून घेणे मात्र प्रत्येक शिकणाऱ्याच्या हाती आहे, आणि ते काम उद्यावर टाकण्यासारखे नाही.